हा ताप नेमका कुणाच्या गोठ्यातला?

मागच्या अंकात धारोष्ण दुधावर लिहिलं होतं, त्यानंतर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून इतके मेसेज आले की एकेकाला उत्तर देणं जमलंच नाही, माफ करा. पण वाचता वाचता लक्षात आलं की निम्म्याहून जास्त लोक फिरून फिरून एकच विचारतायत, आजार जनावरापासून आला म्हणतात ठीक आहे, पण कुठल्या जनावरापासून हे कळतं का, आणि कळत असेल तर कसं. म्हणून यावेळी तेवढेच प्रश्न घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाही, घरातली दुखणी आहेत ती.

पारोळा तालुक्यातून एक ताई विचारतात: डॉक्टर दादा, मिस्टरांना दोन महिने झाले ताप येतो जातो, रात्री घामानं अंथरूण ओलं होतं, कंबर धरते. टायफॉईड म्हणून दोनदा औषध झालं. मग जळगावला दाखवलं तर रक्तात ब्रुसेला नावाचा जंतू निघाला, आता गोळ्या चालू आहेत. आमच्याकडे सहा बकऱ्या आहेत, पौषात दोघींनी गाभ टाकला होता तेव्हा ह्यांनीच हातानं ओढून काढलं. पण ह्यांना शेजारच्या म्हशीचं धारोष्ण दूधपण रोज लागतं. गल्लीत सगळे म्हणतात "तुन्या बकऱ्यासनंच हाई काम शे, ईकी टाक". सासूबाई पण तेच म्हणतात. बकऱ्या मी बचत गटाच्या कर्जातून घेतल्यात. खरंच बकऱ्यांमुळे झालं का हे कसं कळेल?

उत्तर: ताई, आधी एक सांगतो, घाईनं बकऱ्या विकू नका. त्यांच्यात जंतू असला तर तो बाजारातून दुसऱ्या कुणाच्या अंगणात जाईल आणि नसला तर तुमचं उगाच नुकसान होईल. गाभ टाकलेल्या दोघींना वेगळं बांधा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून सहाही जणींचं रक्त तपासून घ्या, रोझ बेंगाल म्हणून टेस्ट आहे, काही मिनिटांत होते. शेजारच्या म्हशीचीपण करा, त्यांना समजावून.

आता तुमचा खरा प्रश्न. मिस्टरांच्या रक्ताची जी टेस्ट झाली ती बहुतेक अँटिबॉडीची असणार. म्हणजे शरीरानं जंतूशी लढायला जे बनवलं ते त्यात दिसतं, जंतू स्वतः दिसत नाही. बकरी-मेंढीत जास्त करून ब्रुसेला मेलिटेन्सिस असतो आणि गाय-म्हशीत ब्रुसेला अबॉर्टस, पण दोघांच्या अंगावरचं आवरण इतकं सारखं की आपलं शरीर दोघांविरुद्ध जवळपास एकसारख्याच अँटिबॉडी बनवतं, त्यामुळे टेस्टपण दोघांना एकच समजते. म्हणून त्या रिपोर्टवरून बकरी की म्हैस हे ठरवता येत नाही. गल्लीतल्या लोकांना तर त्याहून नाही.

ठरवायचं तर जंतूची वही वाचावी लागते. वही म्हणतो कारण मला समजावताना हेच सोपं जातं. आपल्याकडे भाट यायचे, काही गावांत अजून येतात, ओट्यावर बसून वही उघडतात आणि तुमचा खापरपणजोबा कुठल्या गावाहून उठून आला, त्याला भाऊ किती, कोणती शाखा कुठे गेली ते घडाघडा वाचतात. जंतूची अशी वही त्याच्या आतच असते, डीएनए. ब्रुसेलाच्या वहीत साधारण ३३ लाख अक्षरं आहेत आणि अक्षरं फक्त चार प्रकारची. जंतू एकाचा दोन होतो तेव्हा सगळी वही उतरवून काढतो, उतरवताना क्वचित एखादं अक्षर चुकतं, आणि मग ती चूक त्याच्या लेकराबाळांत, नातवंडांत तशीच उतरत जाते. दोन वह्यांत त्याच जागी तीच चूक सापडली तर दोघं एकाच घरातले. मिस्टरांच्या रक्तातला जंतू आणि तुमच्या बकरीच्या दुधातला जंतू यांच्या ३३ लाख अक्षरांत दोन-चारच फरक निघाले, आणि म्हशीच्या जंतूशी शेकडो निघाले, तर मग बोलता येतं.

इतकं सगळं वाचायची गरज नेहमी पडत नाही. पीसीआर, म्हणजे वहीतला ठरावीक तुकडाच शोधणारी टेस्ट, करून नुसतं मेलिटेन्सिस की अबॉर्टस एवढं कळलं तरी अर्धं काम होतं. अर्धंच म्हणतो कारण बकऱ्या आणि म्हशी एकाच दावणीला, एकाच हौदावर असतील तर बकरीचा मेलिटेन्सिस म्हशीतपण जातो आणि तिच्या दुधातून उतरतो. तुमच्याकडे दोन्ही घरं लागून आहेत, तेव्हा ही शक्यता मी सोडणार नाही.

एक अडचण आहे, ती स्पष्ट सांगतो. जंतू हातात यायला रक्त गोळ्या सुरू व्हायच्या आधी घ्यायला हवं होतं. आता औषध सुरू झालंय, रक्तात जंतू सापडायची शक्यता कमी. म्हणून कृपा करून नमुन्यासाठी गोळ्या थांबवू नका, हा कोर्स साधारण सहा आठवड्यांचा असतो आणि मधे सोडला की ताप परत फिरतो. पण बकऱ्यांकडून नमुना अजून मिळू शकतो, दूध आणि योनीतला स्वॅब. पुढे एखादीनं गाभ टाकला तर ते पिल्लू आणि वार उघड्या हातानं अजिबात धरू नका, हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा, डॉक्टरला बोलवा, नमुना घेऊन झाला की खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्यांना मिळू देऊ नका.

यातली तळमळ माझी स्वतःची आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी साक्री भागात होतो, रात्री एका म्हशीची अडकलेली वार काढली, हातमोजे संपले होते, तशीच काढली. त्या महिन्यात अशा तीन-चार केस केल्या. पुढे मला असाच ताप आला, असाच घाम, चालताना कंबर वाकडी व्हायची. ज्या दवाखान्यात गेलो तिथं आधी अँटिबायोटिक दिलं, रक्त नंतर घेतलं, कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्यात, काहीच वाढलं नाही. बरा झालो, पण कुठल्या गोठ्यातून आलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्या गोठ्यातली माणसं दूध पीत राहिली असतील हे डोक्यातून गेलं नाही. त्यामुळे जे फिजिशियन हे वाचत असतील त्यांना हात जोडून सांगतो, लांबलेला ताप आणि घरी जनावर असेल तर पहिल्या डोसच्या आधी ब्लड कल्चर घ्या, आणि लॅबला ब्रुसेलाचा संशय आहे हे कळवा, हा जंतू सावकाश वाढतो, आणि लॅबमध्ये काम करणाऱ्याला श्वासातूनही लागतो, त्यांना तयारीत राहता येईल.

आणि ताई, जीन, म्हणजे डीएनएच्या वहीतला एकेक उतारा, वगैरे काही माहीत नसतानाही हे शोधलं गेलंय. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना हाच ताप यायचा. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जंतू काढला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं, तेव्हा थेमिस्टोकल्स झॅमिट नावाच्या तिथल्याच डॉक्टरांनी बकऱ्यांचं रक्त तपासलं. बकऱ्या धडधाकट दिसत होत्या, दूध भरपूर देत होत्या, म्हणून कुणाला संशयच नव्हता. १९०६ मध्ये सैन्यानं बकरीचं कच्चं दूध बंद केलं आणि ताप झपाट्यानं उतरला. तुमच्याकडेपण आजपासून दूध बकरीचं असो की म्हशीचं, उकळूनच. मिस्टरांना सांगा, धारोष्णाची सवय मोडायला आठ दिवस लागतात.

जळगावहून बीएस्सी मायक्रोचा एक विद्यार्थी: सर, जंतूच्या जीनवरून प्राणी ओळखतात असं सेमिनारसाठी वाचलं. पण जंतूवर थोडंच लिहिलेलं असतं की मी कोंबडीतला आहे? मग टक्केवारी कुठून काढतात?

उत्तर: बरोबर पकडलंस. जंतूवर पत्ता नसतो, पत्ता आपण तुलनेतून काढतो. कॅम्पिलोबॅक्टर घे, जुलाब करणारा जंतू, जगात खूप कॉमन. आधी कोंबड्या, गाई, मेंढ्या, डुकरं, रानपक्षी, नदीचं पाणी असं सगळीकडून जंतू गोळा करतात आणि त्यांचे ठरावीक सात जीन वाचतात. सातही मिळून साधारण ३,३०० अक्षरं होतात, पूर्ण वहीतली अक्षरं १६ लाखांवर. त्या सात जीनच्या जोडणीला एक नंबर देतात, त्याला सिक्वेन्स टाईप म्हणतात. मग दिसतं की काही टाईप कोंबडीतच फार सापडतात, काही गाई-मेंढ्यांत, उदाहरणार्थ ६१ नंबरचा गट रवंथ करणाऱ्या जनावरांतला, २५७ चा गट कोंबडीतला. आणि २१ आणि ४५ चे गट दोन्हीकडे सर्रास हिंडतात, तिथं गोंधळ होतो.

मग रुग्णाच्या जंतूचा टाईप बघून हिशोब करतात की हा कुठल्या प्राण्याच्या टोपलीतला असायची शक्यता किती. २००८ मध्ये छापून आलेला इंग्लंडातल्या लँकेशायरचा अभ्यास सेमिनारला नक्की घे. १,२३१ रुग्णांचे जंतू, त्यात ५७ टक्के कोंबडीकडे गेले, ३५ टक्के गाई-बैलांकडे, आणि रानटी प्राणी-पक्षी, पाणी-माती सगळं मिळून जेमतेम ३ टक्के. त्याआधी बरेच लोक रानपक्ष्यांवर, नदी-ओढ्यांवर बोट ठेवायचे. न्यूझीलंडमध्ये तर २००६ साली या आजाराच्या सुमारे १६,००० केस नोंदल्या गेल्या, त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं फारच जास्त, तिथंही जीननं कोंबडी दाखवली, मग सरकारनं पोल्ट्री प्रोसेसिंगचे नियम कडक केले आणि २००८ पर्यंत केस निम्म्याहून खाली आल्या. मला या विषयातलं सगळ्यात आवडणारं उदाहरण हेच, कारण इथं ज्ञान पेपरात पडून राहिलं नाही.

पण एक गोष्ट तुझ्या सरांनी विचारण्याआधी तूच सांग. टोपल्या कुणी भरल्या? कॉम्प्युटर तुम्ही दिलेल्या टोपल्यांतच जंतू टाकणार. इंग्लंडच्या टोपल्यांत म्हैस नाही, आपल्या गल्लीतलं कुत्रं नाही, अंगणात फिरणारी गावरान कोंबडी नाही. आपल्या रुग्णाचा जंतू म्हशीतला असला आणि म्हशीची टोपलीच नसली तर हिशोब त्याला सगळ्यात जवळ दिसणाऱ्या टोपलीत टाकेल, गाईच्या म्हणा, आणि टक्केवारी छान छापून येईल, फक्त चुकीची असेल. म्हणून तिकडचे ५७ आणि ३५ उचलून खानदेशला लावू नकोस. इथल्या टोपल्या इथल्याच पोरांनी भरायच्यात, तुम्ही मायक्रोची मुलं नाही भरणार तर कोण भरणार. दुसरं, कॅम्पिलोबॅक्टर एकमेकांकडून वहीची पानंच्या पानं उसनी घेतो, म्हणजे नुसती एक अक्षराची चूक नाही, अख्खा तुकडा बदलतो. त्यामुळे याच्यात किती अक्षरांचा फरक म्हणजे जवळचा नातेवाईक, हा नियम ब्रुसेलासारखा सरळ लावता येत नाही. सेमिनारमध्ये यावर एक स्लाईड ठेव.

नवापूरहून एक पोल्ट्रीवाले भाऊ: गेल्या महिन्यात एका लग्नात तीस-चाळीस जणांना जुलाब झाले, चिकन माझ्या फार्मचं होतं. लगेच सगळीकडे माझं नाव. २००६ मध्ये बर्ड फ्लूत काय भोगलं ते आम्हालाच माहीत. आता म्हणे जीन टेस्टनं फार्म ओळखता येतो. मी करून घेऊ का? उलटं माझ्याच अंगावर नाही ना येणार?

उत्तर: भाऊ, फेब्रुवारी २००६ मला आठवतं, देशातला पहिला कोंबड्यांचा बर्ड फ्लू तुमच्या नवापूरला निघाला, भोपाळच्या लॅबनं शिक्का मारला आणि लाखो पक्षी मारून पुरावे लागले. त्या जखमेवरून तुम्ही विचारताय हे कळतं. तो व्हायरस होता, हे बहुधा जंतूचं म्हणजे बॅक्टेरियाचं प्रकरण, दोन्ही एकत्र करू नका आणि दुसऱ्यांनी केलं तर त्यांना सांगा.

टेस्ट करायचीच तर आधी हे बघा की आजारी माणसांच्या शौचाचे नमुने कुणी ठेवलेत का. नसतील तर तुमच्या कोंबड्यांत काहीही सापडलं तरी ते कशाशी जुळवणार? साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर, हे जुलाब करणारे जंतू, बऱ्याच फार्मवर थोडेफार सापडतातच. नुसता सापडला म्हणजे त्याच लग्नाचा झाला असं होत नाही. आणि नमुने असले, जंतू अगदी अक्षर न् अक्षर जुळला, तरीही एक गोष्ट उरते. पिल्लं तुम्ही ज्या हॅचरीतून आणता तिथूनच आणखी पंचवीस जण आणतात. साल्मोनेला आईकडून अंड्यातून पिल्लात येऊ शकतो, तेव्हा पंचवीस फार्मवर एकच वही असू शकते. म्हणून जीनच्या जोडीला साधी चौकशी लागते, कुणी काय खाल्लं, कुणी नाही खाल्लं, चिकन किती वाजता आणलं, कुठं ठेवलं, बिल कुणाचं.

जर्मनीत २०११ साली काय झालं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. ई कोलाय या पोटातल्या जंतूच्या एका भयंकर प्रकारानं ३,८०० च्या वर लोक आजारी पडले, ५० हून जास्त गेले. सुरवातीला स्पेनच्या काकड्यांवर नाव आलं. काकडीत ई कोलाय सापडलाही होता, पण नीट तपासला तर रुग्णांमधला नव्हताच तो, वेगळा होता. तोपर्यंत स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल सडला, रशियानं तर अख्ख्या युरोपची भाजी अडवली. शेवटी निघालं काय, मोड आलेली मेथी, आणि तिचं बी इजिप्तहून आलेलं. यात जीननं आणखी एक गोष्ट सांगितली जी मला फार महत्त्वाची वाटते. एरवी अशी किडनी फेल करणारी ई कोलायची साथ आली की आधी गाईगुरांकडे बघतात. याची वही वाचली तर तो गाईच्या पोटातल्या घराण्यातला नव्हता, माणसाच्या पोटात राहणाऱ्या घराण्यातला होता, फक्त विष बनवायचा जीन मधेच कुठून तरी उचललेला. म्हणजे गोठे तपासत बसण्यात वेळ गेला असता.

तर भाऊ, टेस्टला घाबरू नका, पण एकट्यानं, खाजगीत, नुसत्या तुमच्या पक्ष्यांची करून घेऊ नका, त्यानं ना तुम्ही सुटाल ना कुणाला उत्तर मिळेल. आरोग्य खात्याच्या चौकशीत सगळ्यांचे नमुने एकत्र जाऊ द्या, आचाऱ्याचा, पाण्याचा, काकडी-कांद्याचा, तुमच्या कोंबड्यांचा. एक गोष्ट मी लग्नांत नेहमी बघतो, काळ्या मसाल्याचा रस्सा तासभर रटरट उकळतो, त्यात जंतू जगत नाही, पण ज्या पाटावर कच्चं चिकन तोडलं त्याच पाटावर, त्याच सुऱ्यानं कांदा-काकडी कापतात आणि ती कच्चीच ताटात जाते. तुमच्या लग्नात तसं झालं का हे मला माहीत नाही, पण चौकशीत हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

दोंडाईच्याहून एक आजोबा: १९९४ ला मी सुरतेला मिलमध्ये होतो. प्लेग आला म्हणून रातोरात ताप्ती लाईनच्या गाडीत लटकून गावी आलो, गावात आठ दिवस कुणी जवळ येऊ दिलं नाही. नंतर पेपरात यायचं की तो प्लेगच नव्हता. तुमच्या त्या जीनवाल्यांनी काही सांगितलं का?

उत्तर: आजोबा, सांगितलं. त्या वेळी खरोखरच मोठा वाद झाला होता, डॉक्टरांत सुद्धा. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्या साथीतल्या जंतूंचा १६ एस नावाचा जीन वाचला, हा जीन जंतूची जात ओळखायला वापरतात, आणि २००० साली छापलं की तो येर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचाच जंतू. तुम्ही पळून आलात यात तुमचं काहीच चुकलं नव्हतं.

उंदरापासून नेमका कुठून कसा आला हे शोधणं मात्र प्लेगमध्ये फार अवघड असतं, कारण हा जंतू जंतूंच्या हिशोबानं अगदी अलीकडचा, दुसऱ्या एका साध्या पोटाच्या जंतूपासून काही हजार वर्षांपूर्वीच फुटून निघालेला, त्यामुळे जगभरच्या त्याच्या वह्यांत फरकच कमी.

चोपड्याहून एक वाचक: आईला टीबी निघाला. आम्ही तापीकाठचे, घरी कायम गाय. डॉक्टर म्हणाले गाईच्या दुधातून पण होतो. आई तर गाईला लेकरासारखं जपते, तिला हे सांगवत नाहीये. आधी गाईला झाला असेल की आईला?

उत्तर: भाऊ, आईला आजच काही सांगू नका. बहुतेक टीबी माणसाकडून माणसालाच होतो, खोकल्यातून. दुधातून होतो हे खरं, पण आपल्याकडे दूध उकळून प्यायची रीत आहे, ती असेल तर तो रस्ता जवळपास बंदच होतो. आईचा टीबी फुप्फुसाचा आहे की मानेच्या किंवा पोटाच्या गाठींचा, हे डॉक्टरांना विचारा, दुधातून आलेला बऱ्याचदा गाठींत दिसतो. पण एवढ्यावरून ठरत नाही.

कोणाचा आधी, हा प्रश्न तुम्ही आईच्या मायेनं विचारलाय पण शास्त्रज्ञ शंभर वर्षं हेच विचारत होते. खुद्द रॉबर्ट कॉख, ज्यांनी टीबीचा जंतू शोधला, ते १९०१ मध्ये म्हणाले होते की गाईच्या टीबीपासून माणसाला फारसा धोका नाही, आणि ते चुकले. पुढं उलटं पसरलं, की माणसानं गुरं पाळली तेव्हा टीबी गुरांकडूनच माणसात आला, पुस्तकांतून तसं छापलं जायचं. २००२ मध्ये जीनवाल्यांनी दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या. गाईच्या टीबीच्या वहीतली काही पानं फाटलेली, तीच पानं माणसाच्या टीबीच्या वहीत शाबूत. आता आजोबाच्या वहीतलं पान फाटलं असेल तर नातवाच्या वहीत ते येणार कुठून? म्हणजे माणसाचा जंतू गाईच्या जंतूपासून निघालेला असूच शकत नाही, दोघांचा मूळपुरुष एकच आणि फाटाफूट वेगळी. गाईवरचा तो जुना ठपका त्या दिवशी पुसला गेला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

आपल्या देशात आणखी एक निघालंय. गाईचा टीबी म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात तो मायकोबॅक्टेरियम बोविस, पण वेल्लोरच्या रुग्णांतले जंतू जीननं वाचले तर त्यांत काही जणांत त्याऐवजी मायकोबॅक्टेरियम ओरिगिस नावाचा सापडला, जो आपल्याकडच्या गुरांतही आहे. साध्या टेस्टमध्ये हे सगळे नुसते "टीबी" म्हणून येतात. औषधाला यानं थोडा फरक पडतो, पायराझिनामाईड नावाची गोळी बोविसवर चालत नाही, म्हणून घरी गुरं आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि तुमच्या घरापुरतं, जरी आईच्या आणि गाईच्या जंतूची वही तंतोतंत जुळली तरी कुणी कुणाला दिला हे वही सांगणार नाही. टीबीचा जंतू फार हळू बदलतो, वर्षाला जेमतेम अर्धं अक्षर म्हणा, म्हणजे दोन वर्षांत एखादी चूक. दोघांच्या वह्या सारख्याच दिसणार. गाईनं आईला दिला असेल, आईनं गाईला दिला असेल. माणसाकडून जनावराला जाणं होतं बरं का. युरोपात डुकरांतून माणसाला लागणारा औषधाला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस नावाचा एक जंतू आहे, त्याची वंशावळ २०१२ मध्ये काढली तर तो मुळात माणसाचाच निघाला, माणसाकडून डुकरांत गेला, तिथं अँटिबायोटिकांच्या माऱ्यात तयार झाला आणि तसा परत आला. तेव्हा आईचे औषध पूर्ण होईपर्यंत धार दुसऱ्या कुणी काढावी, आईनं गोठ्यात तोंडाला पदर लावावा आणि गाईची टेस्टपण करून घ्या, तिच्याही काळजीपोटी.

रावेरहून एक दूध उत्पादक: कालवड विकली, घेणाऱ्यानं टेस्ट केली तर ब्रुसेला पॉझिटिव्ह, परत आणून बांधली. मी सांगतोय की तिला सरकारी लस दिली होती त्यामुळे असेल, तो ऐकत नाही. जीनवरून लसीचा की खरा हे निघतं का?

उत्तर: निघतं, पण जंतू हातात असला तरच. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना जी लस देतात तिच्यात एस १९ नावाचा कमजोर केलेला पण जिवंत ब्रुसेला असतो. त्याच्या वहीत एका ठिकाणी सलग ७०२ अक्षरं गायब आहेत, खऱ्या जंतूत ती असतात. पीसीआरनं तेवढीच जागा बघितली की लसीचा की गोठ्यातला हे वेगळं करता येतं. लस टोचताना सुई स्वतःच्याच बोटात गेली आणि ताप आला, अशा माणसातही याच जागेवरून ओळखतात.

पण तुमच्या कालवडीची झाली ती अँटिबॉडीची टेस्ट, त्यात अक्षरं नसतातच वाचायला. वेळेवर लस दिलेल्या कालवडीत त्या अँटिबॉडी बहुतेक वेळा गाभण व्हायच्या वयापर्यंत उतरतात. म्हणून बघायचं हे की लस कधी दिली आणि कालवडीचं वय आता किती. लस होऊन दोन-चार महिनेच झाले असतील तर तुमचं म्हणणं खरं असायची शक्यता भरपूर आहे, काही महिने थांबून परत रक्त द्या, आकडा उतरत असेल तर घेणाऱ्याला दोन्ही रिपोर्ट दाखवा. लस मोठ्या वयात टोचली असेल तर मात्र अँटिबॉडी बरीच वर्षं राहू शकतात आणि तेव्हा भांडणात पडू नका. तोवर तिला बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ आकडी नंबर घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जा, लसीची तारीख त्या नंबरावर चढवलेली असायला हवी, ती लिहून मागा. पुढच्या वेळी लस टोचतानाच तारीख आणि बिल्ला नंबर वहीत उतरवून घेत चला.